विचारा बागेविषयी: कुंपणालगतचा पट्टेरी नळ

या अंकासाठी आलेल्या पत्रांत नळाबद्दलचे प्रश्न इतके आहेत की बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. हिरव्या पानावर पांढरे-पिवळसर उभे पट्टे असलेलं हे उंच गवत नर्सरीत कुणी बांबू म्हणून विकतं, कुणी बोरू म्हणून. शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. पट्टेरी जातीला ‘व्हर्सिकलर’ म्हणतात. साधा हिरवा नळ ५-६ मीटरपर्यंत जातो, पट्टेरी बहुधा २ ते ३ मीटरवर थांबतो. घराच्या कुंपणाला लावायचा तर पट्टेरीच लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि तोही गड्ड्याला, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडाला, आडोसा घातल्याशिवाय लावू नये.

प्रश्न: बंगल्याच्या पश्चिम कुंपणालगत १२ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पट्टा रिकामा आहे. माती काळी. रस्त्यावरून घर दिसू नये म्हणून पट्टेरी नळ लावायचाय. किती रोपं लागतील, कधी आणि कशी लावावीत? (वाचक, नाशिक)

१० रोपं पुरतील. पहिलं टोकापासून ६० सेंटिमीटरवर, पुढची १.२ मीटरच्या अंतराने. दाट पडदा लवकर हवा म्हणून कुणी अर्ध्या मीटरवर रोपं लावतात. तिसऱ्या वर्षी गड्डे एकमेकांत घुसतात, मधली वाळकी पानं काढायला हात जात नाही आणि आतले फुटवे सावलीने लुळे पडतात. अंतर ठेवा, दुसऱ्या पावसाळ्यात पडदा आपोआप मिटतो.

आता आडोसा. नळाची मुळं खोल जातात, पण पसरतो तो गड्डा, म्हणजे जमिनीखालचं आडवं खोड. ते बहुतेक वरच्या ३० सेंटिमीटरच्या थरात चालतं. तेवढ्या थरात भिंत घातली की काम होतं. २०० लिटरचे निळे प्लास्टिकचे ड्रम घ्या, पूर्वी रसायन भरलेले नकोत. ड्रमचा व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वरचं आणि खालचं दोन्ही तोंड करवतीने कापून ६५ सेंटिमीटर उंचीचा मोकळा नळकांडा ठेवा. ६० सेंटिमीटर खोल खड्ड्यात तो उभा करा. ५ सेंटिमीटर काठ जमिनीच्या वर राहिला पाहिजे. तळ मोकळाच ठेवायचा, म्हणजे पाणी मुरतं आणि मुळं खाली जातात. बाजूंना भोकं मात्र पाडू नका. पाणी निघावं म्हणून पाडलेल्या भोकातून पहिला कोंब बाहेर येतो आणि वर्षभरात भोक फाटतं. सिमेंटची रिंग असेल तर तीही चालेल, पण दोन रिंगांचा सांधा जमिनीखाली येऊ देऊ नका.

एका ड्रमला साधारण १२-१३ घमेली भरण लागते. उकरलेली काळी माती ७ घमेली, बारीक मुरूम ३, चांगलं कुजलेलं शेणखत ३ आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. भरण काठाच्या ५ सेंटिमीटर खाली ठेवा. पहिल्या पावसात ती बसते, तेव्हा वरून आणखी घाला.

लागवड जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पिशवीतलं रोप घेताना बुडातून निघालेला ताजा कोंब आहे का ते बघा. ओळखीच्यांकडून गड्डा मिळत असेल तर १५-२० सेंटिमीटर लांबीचा, किमान दोन-तीन डोळे असलेला तुकडा घ्या. वरचं कांड ३० सेंटिमीटरवर छाटा. तुकडा आडवा, डोळे वर करून, ८ ते १० सेंटिमीटर खोल ठेवा आणि माती पायाने दाबून घ्या. पाऊस ओढला तर पहिले दोन महिने दर दोन-तीन दिवसांनी पाणी. एकदा झाड धरलं की काळ्या मातीत उन्हाळ्यातसुद्धा आठवड्याला १५ लिटर पुरतं.

जुलैत आणि दिवाळीनंतर, असं वर्षातून दोनदा प्रत्येक ड्रमचा काठ बोटांनी चाचपा. काठावर वाळकी पानं आणि माती साचली की त्या आडून गड्डा काठ ओलांडतो. वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. ओलांडलेला भाग छाटणीच्या करवतीने काठाशी कापा आणि बाहेर गेलेला तुकडा पूर्ण उपसा.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी लावलेला पट्टेरी नळ आता जवळजवळ हिरवा झालाय. खत कमी पडतंय का? (वाचिका, सांगली)

खताचा संबंध नाही, खत वाढवून पट्टे परत येणारही नाहीत. आधी एक गोष्ट तपासा. सगळ्याच कांड्यांची पानं सारखी पिवळट-हिरवी झाली आहेत, की काही कांड्या पूर्ण हिरव्या आणि काही अजून पट्टेरी आहेत?

सगळ्याच सारख्या असतील तर काळजी नको. नव्या फुटीचे पट्टे दुधासारखे पांढरे असतात, ऊन वाढलं की ते पिवळट होतात आणि जून पानात हिरव्यात मिसळतात. कांडं छाटलं की नवी फूट पुन्हा पांढरी येते.

काही कांड्या पूर्ण हिरव्या असतील तर झाड मूळ रूपावर जात आहे. पट्टेरी पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे पट्टेरी फुटवा सावकाश वाढतो. एखादा डोळा फक्त हिरव्या पेशींतून फुटला की तो फुटवा जाड, उंच आणि जोमदार निघतो, आणि दोन-तीन वर्षांत पट्टेरी फुटव्यांना दाबून टाकतो. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं.

हिरवं कांडं जमिनीलगत कापून उपयोग नाही, त्याच डोळ्याशेजारून पुन्हा हिरवंच येईल. बुडाशी माती बाजूला करा. कांडं जिथे गड्ड्याला चिकटतं तिथे तांबूस-तपकिरी खवल्यांचं जाड गाठाळ खोड दिसेल आणि त्यातून पुढे निघालेले टोकदार कोंब. हिरव्या कांड्याचा गड्डा पट्टेरी भागाला जिथे जोडलेला आहे त्या गाठीपर्यंत या आणि तिथे करवतीने तोडा. त्याच्या पुढचे सगळे कोंब त्याच्यासोबतच काढायचे. कोवळ्या कोंबाचं खवलं सोलून पाहिलं तर आतल्या पानाच्या घडीवर पट्टा आहे की नाही, हे तेव्हाच कळतं. ३० सेंटिमीटरचा होण्याआधी काढलेला हिरवा कोंब सहज निघतो; दोन मीटरचा झाल्यावर पहार लागते. तुमच्या झाडात पट्टेरी भाग पावाहून कमी उरला असेल तर तेवढाच तुकडा सोडवून नव्या ड्रममध्ये लावा आणि बाकीचा काढून टाका. अधूनमधून पूर्ण पांढरा कोंब येतो, तो आपण होऊन मरतो. त्याला हात लावायची गरज नाही.

प्रश्न: पावसाळ्याच्या शेवटी सगळी कांडी आडवी होतात. दोऱ्याने बांधली तर वेडंवाकडं दिसतं. छाटणी करावी का? केव्हा? (वाचक, सोलापूर)

पत्रात तुम्ही दर महिन्याला युरिया देत असल्याचं लिहिलं आहे. तो आधी थांबवा. नत्र जास्त झालं की पेरं लांब आणि पोकळ होतात, पानांचा भार वाढतो आणि परतीच्या पावसात कांडं बुडातून कलतं. दुसरं कारण सावली. झाडाला दिवसात निदान सहा तास थेट ऊन हवं.

छाटणी दर वर्षी करायची. पावसाळ्यानंतर येणारे तुरे, तुमच्याकडे येत असतील तर, थंडीभर राहू द्या. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळी कांडी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापा. न कापलेल्या कांड्याला दुसऱ्या वर्षी प्रत्येक पेराशी बारीक फांद्या फुटतात, पानं लहान येतात, पट्टे फिके पडतात आणि सगळं झाड झाडूसारखं गबाळं दिसू लागतं. मार्च ते मे पाण्याची टंचाई असेल तर छाटणी मेच्या अखेरीस करा. उन्हाळ्यात नव्या फुटीला पाणी न मिळण्यापेक्षा ते बरं. छाटल्यावर झाडामागे एक घमेलं शेणखत, बस. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कातडी हातमोजे घाला, पानाच्या कडा त्वचा कापतात.

कापलेली कांडी टोमॅटो-घेवड्याच्या आधाराला उत्तम, पण पूर्ण वाळल्याशिवाय जमिनीत खोचू नका. ओली कांडी पेराशी मुळं धरते आणि भाजीच्या वाफ्यात नळाचं बेट उभं राहतं. दोन-तीन महिने उभी करून वाळवा. पेराशी चिरून पाहिल्यावर आत ओल नसेल तरच वापरा.

प्रश्न: दाट नळात साप येतात का? घरात लहान मुलं आहेत. (वाचिका, बारामती)

नळाच्या वासाने किंवा रसाने साप येत नाहीत. बुडाशी वाळक्या पानांचा थर साचला की उंदीर आणि बेडूक तिथे राहतात, साप त्यांच्यामागे येतो. खालची ४५ सेंटिमीटर कांडी पानं ओढून मोकळी ठेवा, जमीन दिसली पाहिजे. झाडाशेजारी विटा, लाकडं, कुंड्यांचे ढीग नकोत. उघड्या हाताने बुडाशी कधीही साफसफाई करू नका.

प्रश्न: सातव्या मजल्यावरच्या गच्चीत कुंडीत लावता येईल का? (वाचिका, पुणे)

येईल, पण आधी वजन मोजा. ५० लिटरची कुंडी ओल्या मातीने भरली की ६०-७० किलोंच्या घरात जाते, त्यात दोन मीटरचं कांडं वाऱ्यात हलणार. अशा पाच-सहा कुंड्या ओळीत ठेवायच्या तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नका. कुंडी तळाशी रुंद घ्या, वर रुंद आणि खाली निमुळती झालेली उलटते. पातळ प्लास्टिकच्या कुंडीला गड्डा दोन वर्षांत चिरतो. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागेल; एक दिवस चुकलं की पानांची टोकं तपकिरी होतात आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत. दर दोन वर्षांनी झाड बाहेर काढून गड्डा करवतीने दोन किंवा तीन भागांत कापायचा आणि एकच परत लावायचा.

आमचं मत विचाराल तर गच्चीसाठी जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास घ्या. मीटर-सव्वा मीटरच वाढतं, गड्डा पळत नाही, जांभळट तुरे बरेच महिने टिकतात आणि बी रुजत नसल्याने शेजारच्या कुंड्यांत उगवत नाही. त्याचंच हिरवं भावंड मात्र बी टाकतं, ते घेऊ नका. पत्रात पम्पासचा उल्लेख आहे. ते दक्षिण अमेरिकेतलं गवत, त्याच्या पानाची कड करवतीच्या दात्यांसारखी असते. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीत ते नकोच.

प्रश्न: घरामागे उतार आहे, खाली पऱ्या वाहतो. माती धुपू नये म्हणून नळ लावावा, असं सुचवलं गेलंय. योग्य आहे का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. पट्टेरीसुद्धा नाही. नळाचं बी सहसा रुजत नाही, तो पसरतो तुकड्यांनी. पुरात काठ ढासळला की गड्ड्याचे आणि कांड्यांचे तुकडे वाहून खाली जातात, गाळात अडकतात आणि प्रत्येक तुकडा नवं बेट करतो. कॅलिफोर्नियात नळ मुद्दाम लावला गेला, धूप थांबावी हेही त्यामागचं एक कारण होतं. आज तिथल्या सांता आना नदीसारख्या नद्यांच्या काठांवरून तो उपटण्यासाठी वर्षानुवर्षं मोहिमा चालू आहेत. तो वाळल्यावर भडकन पेटतो, आणि आग गेल्यावर गड्ड्यातून सर्वांत आधी तोच फुटतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. शिवाय त्याचा गड्डा उथळ असल्याने पाण्याने खालून माती खाल्ली की काठाचा मोठा लपकाच घेऊन तो कोसळतो.

उतारासाठी वाळा लावा. त्याचं बेट जागेवर राहतं, मुळं सरळ खाली ३ मीटर आणि त्याहूनही खोल जातात, पानं दीड मीटरपर्यंत वाढतात. दोन-तीन फुटव्यांची ठोंबं घ्या, पानं २० सेंटिमीटरवर आणि मुळं १० सेंटिमीटरवर छाटा. उताराला आडव्या, समपातळीतल्या ओळीत १५ सेंटिमीटरवर एक ठोंब, जूनच्या शेवटी. ओळीत फट राहिली तर पाणी तिथेच एकवटतं आणि घळ पाडतं, म्हणून मेलेली ठोंबं त्याच पावसाळ्यात बदला. मुळांसाठी वाळा खणून विकायचा मोह या ओळीपुरता तरी टाळा. जांभ्यात ठोंब खोचायला पहारीने भोक पाडून त्यात मूठभर शेणखत घातलं की धरतं.

प्रश्न: सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटची पात याच नळाची असते, असं ऐकलं. घरच्या नळापासून बनवता येईल का? (वाचक, मडगाव)

झाड तेच. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात त्यासाठी मुद्दाम नळ वाढवतात. कांडं दोन वर्षांचं झाल्यावर हिवाळ्यात कापतात, सावलीत सुकवतात, मग उन्हात फिरवून गव्हाळ-सोनेरी होईपर्यंत भाजू देतात आणि नंतर पुन्हा मुरायला ठेवतात. ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी १०-११ मिलिमीटर व्यासाचं कांडं लागतं, क्लॅरिनेटसाठी त्याच्या दुपटीहून जाड. पट्टेरी नळाचं कांडं यासाठी बारीक आणि मऊ. कुठे जुना हिरवा नळ असेल तर त्याची दोन वर्षांची कांडी जानेवारीत कापून बघा. गोव्याच्या दमट हवेत बुरशीचे काळे ठिपके पडतात, म्हणून पानाचं आवरण लगेच सोलून वारा खेळत्या जागी कांडी आडवी पसरा. केवळ एवढ्यासाठी नवा हिरवा नळ अंगणात लावू नका.

प्रश्न: इथे दुकानांच्या पार्किंगच्या कडेला ताठ उभं, गव्हाच्या रंगाच्या तुऱ्यांचं गवत सगळीकडे दिसतं. घरासमोर ६ मीटरच्या वाफ्यात लावायचंय. ते नळच का? भारतातून गड्डा आणावा का? (वाचिका, न्यू जर्सी)

वर्णनावरून ते ‘कार्ल फोर्स्टर’ असणार. दिसायला बोरूसारखं असलं तरी स्वभावाने अगदी वेगळं. कॅलमॅग्रॉस्टिस नावाच्या गवताच्या दोन जातींचा हा संकर; पॉट्सडॅमचे जर्मन रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर यांचं नाव त्याला दिलेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू रोपांच्या संघटनेने त्याला वर्षाचं रोप ठरवलं होतं. पानं पाऊण मीटर, तुरे दीड ते पावणेदोन मीटर, बी रुजत नाही, बेट जागच्या जागी राहतं. घराच्या कडेला लावायला इतकं सभ्य गवत क्वचित मिळतं.

६ मीटरला ६० सेंटिमीटरवर १० रोपं, वसंतात जमीन मोकळी झाली की. ऊन सहा तास. जूनमध्ये तुरे येतात तेव्हा गुलाबीसर असतात, जुलैत मिटून ताठ आणि सोनेरी होतात, बर्फातही बराच काळ उभे राहतात. फेब्रुवारीअखेर ते मार्च, नवी हिरवी टोकं दिसायच्या आत, १०-१५ सेंटिमीटरवर कापा. आधी पेंढीसारखं दोरीने बांधून मग कापलं की पसारा होत नाही. उशीर झाला तर नवी टोकं छाटली जातात आणि उन्हाळाभर पानं तुटकी दिसतात. चार-पाच वर्षांनी मध्यभाग मेला की वसंताच्या सुरुवातीला खणून कडेचे जिवंत भाग लावा. वाफा दाट झाला, वारा खेळला नाही तर दमट उन्हाळ्यात तांबेरा येतो. पाणी बुडाशी घाला, पानांवर फवारू नका.

गड्डा मात्र सामानातून नेऊ नका. मातीसह कोणतंही रोप अमेरिकेत नेता येत नाही, लागवडीच्या इतर साहित्यालाही कागदपत्रं लागतात. उलट प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांकडून येण्याआधीच सांगतो: कार्ल फोर्स्टर थंडीवर जगणारं गवत आहे, आपल्या पठारावरच्या उन्हाळ्यात ते झुरतं. ते मागवू नका.

प्रश्न: विकत घेतलेल्या प्लॉटच्या कोपऱ्यात हिरव्या नळाचं २ मीटर रुंद बेट आहे. जेसीबीने काढलं तर दुप्पट आलं. काय करावं? (वाचक, कोल्हापूर)

जेसीबीने गड्डा फोडला आणि तुकडे प्लॉटभर पसरवले. अंगठ्याएवढा, एक डोळा असलेला तुकडासुद्धा फुटतो. आता हातानेच काम करावं लागेल.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन वाफशावर आली की सुरुवात करा. भर चिखलात तुकडे दिसत नाहीत आणि मेमध्ये पहार शिरत नाही. आधी सगळी कांडी १० सेंटिमीटरवर कापा. सर्वांत बाहेरच्या कोंबाच्या अर्धा मीटर पलीकडून ४५ सेंटिमीटर खोल चर काढा आणि बाहेरून आत या. मधून सुरुवात केली तर पायाखाली तुकडे तुडवले जातात. दोन माणसांना २ मीटरच्या बेटाला एक पूर्ण दिवस धरा. उकरलेली माती हाताने चाळा.

नंतर दर तीन आठवड्यांनी फेरी मारा. कोंब २०-३० सेंटिमीटरचा दिसला की नुसता ओढू नका, खालच्या तुकड्यासकट खणा. साठवलेलं अन्न संपेपर्यंत गड्डा फुटत राहतो, त्यामुळे पुढचे दोन पावसाळे फेरी चुकवायची नाही. जागा लगेच वापरायची नसेल तर जाड काळी ताडपत्री अंथरून कडा ३० सेंटिमीटर जमिनीत गाडा. पातळ कागद नळाचा कोंब सहज भोसकतो.

तणनाशकाविषयी विचारलंय. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीड-नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला आहे, त्यामुळे दुकानातून आणून स्वतः फवारू नका. करवून घ्यायचंच असेल तर तुरे आल्यानंतर, पानांतलं अन्न गड्ड्याकडे उतरत असताना. उन्हाळ्यातल्या फवाऱ्याने फक्त वरचं जळतं.

काढलेले गड्डे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. गच्चीवर किंवा फरशीवर एकेरी पसरून, ताडपत्रीने पावसापासून राखून, खणखणीत कोरडे होईपर्यंत महिना-दोन महिने ठेवा. फोडल्यावर आत पांढरा ओला गर दिसला तर ते अजून जिवंत आहेत. पूर्ण वाळलेले बंबाला घाला. ओढ्याच्या काठी टाकू नका, आणि प्लॉटच्या भरावात तर नाहीच.